सेकंडहँड बेस, जुनं अँप आणि मांडवातली वीज: कामाच्या नोंदी

काम असं: सेकंडहँड बेस गिटार, जुनं ट्रान्झिस्टर अँप (अँप्लिफायर) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) गणपतीतल्या कार्यक्रमांसाठी उभं करायचं, वाजवायचं आणि हंगाम संपल्यावर अँप विकायचं. ठिकाण पुणे. हेच करायला निघालेल्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून नोंदी खर्चासकट ठेवल्या आहेत. ध्वनी कसा 'गोड' करावा यावर इथे काही नाही. जास्त जागा अर्थिंगने खाल्ली आहे, कारण बेस वाजवणाऱ्याचे दोन्ही हात कार्यक्रमभर तारांवर असतात आणि त्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात.

५ जुलै २०२५: खरेदी

बेस जॅझ प्रकारचा, चार तारांचा, ३४ इंच स्केल, दोन सिंगल-कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारी चुंबकावरची गुंडाळी), बॅटरी नाही. ₹९,५००. सोबत २०० वॉटचं हेड (स्पीकरशिवायचं नुसतं अँप) आणि १५ इंची स्पीकरचं कॅबिनेट, दोन्ही मिळून ₹१४,०००.

विकणाऱ्याचं म्हणणं, "थोडा हम आहे, पण अर्थ काढला की जातो." हे वाक्य ऐकलं की भाव करण्याआधी थ्री-पिन टॉप उघडून बघावा. उघडला. हिरवी वायर मुळाशी कापून वर काळी टेप गुंडाळलेली होती. मागच्या पॅनेलवर फ्यूज टी ३.१५ अँपिअर छापलेला, होल्डरमध्ये १० अँपिअरचा. म्हणजे हे अँप कित्येक कार्यक्रम अर्थशिवाय आणि जवळपास फ्यूजशिवाय वाजलं आहे.

अर्थ काढल्यावर हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, का जाते? अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की त्यांच्या अर्थमध्ये एक वळसा तयार होतो, त्यातून थोडा करंट फिरतो आणि तो ५० हर्ट्झने गुणगुणतो. एका बाजूचा अर्थ तोडला की वळसा तुटतो. पण मग अँपच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी फेजची वायर सुटून चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) टेकली, तर तो करंट केबलच्या जाळीतून थेट बेसच्या ब्रिजवर (तारा बसवलेल्या धातूच्या पट्टीवर) आणि तारांवर येतो. फ्यूज उडायला अर्थच उरलेला नसतो. उरतो तो वाजवणारा.

नियम पहिल्या दिवशीच ठरला: हम कितीही असो, मेन्सचा अर्थ तोडायचा नाही. हम जिथे तयार होतो तिथेच मारायचा.

६ जुलै: बेसचा हम कुठून येतो

आधी बेस अर्थ असलेल्या दुसऱ्या चांगल्या अँपला लावला. नाहीतर दोष बेसचा की अँपचा हे कळत नाही. हाताने तपासायची रीत:

तारांना हात लावल्यावर हम कमी झाला, तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, शील्डिंग (बाहेरच्या विजेच्या गोंगाटापासूनचा आडोसा) कमी पडतंय. तारांना हात लावून काही फरक नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की हम कमी होतो, तर ब्रिजची वायर तुटलेली आहे. हात लावल्यावर हम वाढला, तर जॅकवर सिग्नलची आणि अर्थची वायर उलट सोल्डर केल्यात. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर हम जातो आणि एकच उघडल्यावर येतो, हा मात्र दोष नाही. जॅझ बेसच्या दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही सारखे उघडले की हम एकमेकांना खाऊन टाकतो.

इथे दुसरी गोष्ट निघाली. मल्टीमीटरने ब्रिज ते जॅकची बाही (बाहेरचा, अर्थचा भाग): रीडिंग नाही. हे एक ओहमच्या आत हवं. ब्रिजचे पाच स्क्रू काढले. खाली वायरचं टोक हिरवंकाळं पडून भुगा झालेलं. घाम आणि पावसाळी दमटपणा तिथेच साठतो. नवी वायर कंट्रोलच्या खोबणीतून घातली, टोकाचं तांबं २० मिमी उघडं करून पंख्यासारखं पसरलं, ब्रिजची खालची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासली आणि ब्रिज बसवला. रीडिंग ०.३ ओहम.

पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या फिरत्या कंट्रोलच्या) पाठीवरचे जुने सोल्डर मळकट होते. पॉटच्या पाठीला सोल्डर करताना २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. धातू उष्णता ओढून घेतो, सोल्डर नुसता वर बसतो आणि ड्राय राहतो. ६० वॉटची, रुंद टोकाची घ्यावी आणि तीन-चार सेकंदांत काम संपवावं, जास्त वेळ टेकवली तर आतला कार्बनचा पट्टा जळतो.

१२ जुलै: तांब्याची टेप

५० मिमी रुंद तांब्याची टेप, ₹६५०. घेताना विचारून घ्या की तिचा गोंद वीज वाहणारा आहे का. बागेत गोगलगायींसाठी विकतात ती टेप स्वस्त असते, पण तिचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले तरी मधला गोंद वीज अडवतो. शंका असेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब द्यावा. इथे तसंच केलं. दोन्ही पिकअपच्या खोबणी आणि कंट्रोलची खोबण आतून मढवली, जोड पाच मिमी एकमेकांवर, आणि कडेवर एक जीभ वर काढली म्हणजे धातूची प्लेट बसवल्यावर ती टेपला टेकते.

प्लेट लावून स्क्रू कसले आणि आवाज पूर्ण बंद. प्लेट उचलली की येतो, बसवली की जातो. कारण नेहमीचंच: जॅकमध्ये प्लग घातला की त्याची पत्ती बाहेर ढकलली जाते आणि ती मढवलेल्या भिंतीला टेकते, म्हणजे सिग्नल सरळ अर्थला. त्या जागी टेपवर इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले आणि जॅक थोडा फिरवून बसवला. प्लग घातलेला ठेवूनच ही तपासणी करायची, रिकाम्या जॅकवर दोष दिसत नाही. जॅक नवा घेतला, ₹३५०. पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली, ₹३००.

शील्डिंगने काय जातं आणि काय राहतं हे आधी समजून घेतलं तर निराशा होत नाही. एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे), डिमर, ट्यूबलाइट यांची चिरचिर जवळजवळ गेली. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर येणारा जाड हम राहिला, कारण तो चुंबकीय आहे आणि पातळ तांबं त्याला अडवत नाही. त्याला उपाय एकच, अँपपासून दोन मीटर दूर उभं राहून थोडं वळणं.

बेस सुरक्षित करायची आणखी एक युक्ती सांगितली जाते: ब्रिजची वायर सरळ न जोडता मध्ये २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उच्च व्होल्टेजचा छोटा कपॅसिटर. मग तारांतून जाणारा करंट २३० व्होल्टला साधारण एक मिलीअँपवर अडतो. हिशोब बरोबर आहे, पण जॅझ बेसची कंट्रोल प्लेट, नॉब आणि जॅक धातूचे असतात आणि ते सरळ अर्थला जोडलेले राहतात. हात तिथेही जातोच. अर्धंच संरक्षण मिळणार म्हणून केलं नाही. तो पैसा ब्रेकरवर घातला.

१३ जुलै: तारा आणि गळा

४५ ते १०५ चा सेट, ₹२,१००. चार तारांचा मिळून ताण ७५ ते ८० किलोच्या आसपास येतो, म्हणून ट्रस रॉडने (गळ्याच्या आतल्या सळईने) जुळवायचा गळ्याचा बाक तारा पूर्ण स्वरात लावूनच मोजायचा. पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा पडदा बोटाने दाबून सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडद्यामधली फट मोजली: ०.९ मिमी. हवी ०.३५ च्या आसपास. मोजायला दुचाकीच्या दुकानातलं टॅपेटचं फीलर गेज चालतं. एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर थांबायचं. घाई करून रॉडचं डोकं गोल झालं तर गळाच बदलावा लागतो. सतराव्या पडद्यावर उंची: ई २.४ मिमी, जी २.० मिमी. नंतर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवला. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे.

तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे काटकोनात दुमडून घ्यावी, नाहीतर वरचं वेटोळं सैल पडतं आणि ती तार कधीच नीट वाजत नाही.

१९ जुलै: अँपला अर्थ परत दिला

जुनी केबल टाकून तीन-कोर १.५ चौरस मिमी, नवा थ्री-पिन टॉप. ₹२८०. चासीवरचा अर्थचा बोल्ट सोडवला, रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला आणि कसला. पिन ते चासी ०.१ ओहम. अर्थची वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा दोन-तीन सेमी लांब ठेवली, म्हणजे केबल ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. फ्यूज टी ३.१५, चार नग ₹४०. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा. चालू करतानाचा झटका तो सहन करतो. त्याच आकड्याचा 'एफ' घातला तर तो विनाकारण उडत राहतो आणि मग कोणीतरी वैतागून १० अँपिअर घालतो. या अँपमध्ये नेमकं तेच झालं असणार.

अर्थ जोडण्याआधी गळती मोजून घेतली. हे काम विजेची माहिती असलेल्यानेच करावं, एक हात मागे ठेवून. अर्थ नसलेल्या अँपची चासी ते भिंतीतला अर्थ: ८७ व्होल्ट. आकडा बघून घाबरायला होतं, पण मल्टीमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. मीटरला समांतर १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला. रीडिंग १.६ व्होल्टवर आलं. म्हणजे ०.१६ मिलीअँप: ट्रान्सफॉर्मरची नेहमीची किरकोळ गळती. रेझिस्टर जोडूनही व्होल्टेज उतरलं नसतं, तर अँप तिथेच बंद करून ट्रान्सफॉर्मर बघावा लागला असता. पाव वॉटचा रेझिस्टर इथे वापरू नये. खरोखर फेज चासीला लागलेली असेल तर त्यावर पाच वॉटच्या वर येतात आणि तो हातात जळतो.

इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनेही (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासून घेतलं. फेज-न्यूट्रल एकत्र विरुद्ध अर्थ, ४० मेगाओहम. एकाच्या खाली असतं तर अँप भंगारात. फी ₹५००.

२६ जुलै: उरलेला हम १०० हर्ट्झचा

अर्थ आला, बेस नीट झाला, तरी व्हॉल्यूम शून्यावर असताना अँप घुरघुरतंय. फोनवरच्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये टोक १०० हर्ट्झला. हा भेद कामाचा आहे: ५० असेल तर अर्थचा वळसा किंवा पिकअप, १०० असेल तर रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर थकले. उघडल्यावर दोन ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. एकाची टोपी फुगलेली.

हात घालण्याआधी प्लग काढून १०० ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरने दोन्ही डिस्चार्ज केले आणि मीटरवर एक व्होल्टच्या खाली बघितलं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. ठिणगीने ट्रॅक उडतो, कधी डोळाही.

तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ८० व्होल्टचे आणले, ₹५२०. रेल्स (या कपॅसिटरवरचा डीसी पुरवठा) ५० व्होल्टच्या आसपास असल्या तरी जनरेटरवर मेन्स २५०-२६० ला गेलेली दिसते, म्हणून थोडी जागा हवी होती. नग बसलेच नाहीत: उंची ५० मिमी, झाकणाखाली जागा ४५. शनिवार गेला. व्यास, उंची आणि पायांमधलं अंतर (इथे १० मिमी) मोजून कागदावर नेल्याशिवाय दुकानात जाऊ नये. दुसरी जोडी १०५ अंशांची, ४० मिमी उंच, ₹६४०.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घातला. क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे ठीक. तसाच झगझगत राहिला असता तर आत शॉर्ट, आणि नवे कपॅसिटर वाचले असते. घुरघुर गेली.

२ ऑगस्ट: कॅबिनेट

स्पीकर मीटरवर ६.२ ओहम, म्हणजे ८ ओहमचा आणि शाबूत. हेडची खालची मर्यादा ४ ओहम, त्यामुळे असाच आणखी एक ८ ओहमचा कॅबिनेट समांतर लावता येईल, तिसरा नाही.

हेड ते कॅबिनेट जोडायला आधीच्या मालकाने गिटारची केबल वापरली होती. दोन्हींचे प्लग सारखे दिसतात, एवढंच साम्य. गिटार केबलची मधली तार केसासारखी असते, २०० वॉटला ती तापते आणि आतलं प्लास्टिक वितळून शॉर्ट होते. मग अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. दोन-कोर २.५ चौरस मिमी केबल आणि दोन्हीकडे स्पीकॉन (फिरवून अडकवायचे स्पीकरचे प्लग) बसवले, ₹१,१५०. स्पीकॉन अर्ध्यात निघत नाही आणि काढताना शॉर्टही होत नाही.

खडखड शोधायला फोनवरून ४० ते २०० हर्ट्झचा साइन सावकाश फिरवला. ६२ ला हँडल, ९० ला मागची जॅक प्लेट शिट्टी मारत होती. हँडलचे स्क्रू बदलले, प्लेटखाली फोमची पट्टी. ₹२२०.

९ ऑगस्ट: बँडचा स्वतःचा बोर्ड

या सगळ्या कामात पैशाला सगळ्यात जागलेली वस्तू हीच. मांडवातला बोर्ड कसा असेल ते आपल्या हातात नाही, पण आपला बोर्ड आपल्या हातात आहे.

१६ अँपिअर, ३० मिलीअँपचा डबल-पोल आरसीबीओ (₹१,७५०), पाऊस शिंतोडे झेलणारी पेटी (₹८००), सहा सॉकेट (₹७००), १५ मीटर तीन-कोर २.५ चौरस मिमी लवचिक केबल (₹१,६५०). एकूण ₹४,९००. आरसीबीओ फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो. फरक ३० मिलीअँपपर्यंत गेला, म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसातून जातोय, की पडतो. साधा एमसीबी हे करत नाही. तो १६ अँपिअरची वाट बघतो, आणि माणसाला मारायला त्याचा शंभरावा भागही पुरतो.

सॉकेट जोडल्यावर प्रत्येकाची पोलॅरिटी तपासली. एकात फेज आणि न्यूट्रल उलट निघाले, लगेच बदलले. केबल रीळावर गुंडाळलेली ठेवून वापरायची नाही. आतले थर तापतात. पूर्ण उलगडायची.

१७ ऑगस्ट: तालीम, आणि ब्रेकर सारखा पडतोय

बेस, कीबोर्ड, मिक्सर, दोन मॉनिटर लावले तोवर ठीक. लाइटवाल्याने एलईडी पारची माळ त्याच बोर्डात टोचली आणि आरसीबीओ पडला. परत लावला, परत पडला. दोष कशातच नव्हता. स्विचिंग सप्लाय असलेलं प्रत्येक उपकरण फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे सोडतं. असे पार डझनभर झाले की बेरीज १५ मिलीअँपच्या पुढे जाऊ शकते, आणि ३० चा ब्रेकर १५ पासून ३० पर्यंत कुठेही पडू शकतो. उपाय: लाइट वेगळ्या ब्रेकरवर, ध्वनीचं सगळं बँडच्या बोर्डावर. ब्रेकर पडतो म्हणून अर्थ काढणं किंवा ब्रेकर बायपास करणं हे दोन पर्याय नव्हेतच.

मुख्य मिक्सर साउंडवाल्याचा, त्याच्या वेगळ्या लाइनवर. तिथून हम आलाच. बेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणारी छोटी पेटी) घातला आणि त्याचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबलं. हम गेला. हे बटण फक्त सिग्नल केबलमधली पिन १ तोडतं, मेन्सचा अर्थ जागेवर राहतो. पाच जुलैला विकणाऱ्याने सांगितलेल्या दुखण्याचं खरं औषध हे होतं.

३० ऑगस्ट: मांडव

कार्यक्रम पेठेतल्या मंडळाचा, वीज जनरेटरची. एकही वाद्य लावण्याआधी बोर्डाच्या जागी मीटर:

फेज-न्यूट्रल २३६. फेज-अर्थ १२१. न्यूट्रल-अर्थ ११४.

जनरेटरचा न्यूट्रल तरंगतो आहे, अर्थला कुठेच बांधलेला नाही, हे या तीन आकड्यांतून दिसतं. अशा वेळी पहिला दोष कोणालाच कळत नाही: एखाद्या उपकरणाची फेज चासीला लागली तरी ब्रेकर पडत नाही, कारण करंटला परत जायची वाट नाही. दुसऱ्या उपकरणात न्यूट्रल चासीला लागला की मग त्या दोन चासींमध्ये पूर्ण २३० व्होल्ट. आपला आरसीबीओसुद्धा तोवर आंधळा.

जनरेटरवाल्या काकांना मीटर दाखवला. शब्दांनी वाद होतो, आकड्यांनी होत नाही. त्यांच्या इलेक्ट्रिशियनने जनरेटर बंद करून तिथेच, एकाच जागी, न्यूट्रल अर्थला बांधला आणि अर्थचा रॉड ओल्या मातीत ठोकला. ही जोडणी आपल्या बोर्डात कधीही करायची नाही. फक्त उगमाशी, आणि परवानाधारक माणसानेच. नंतर: फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ ०.४. मग आरसीबीओचं टेस्ट बटण दाबलं, पडला. परत चढवला.

मीटरवर २३४ दिसणं म्हणजे अर्थ दणकट आहे असं नाही. वायरचा एकच केस लागलेला असला तरी मीटर तेवढंच दाखवतो. म्हणून त्या इलेक्ट्रिशियनच्या लूप टेस्टरनेही (अर्थच्या वाटेचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) बघून घेतलं. काही जण फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तपासतात. ते करू देऊ नये. अर्थ पुढे कुठे तुटलेला असेल तर बल्बमधून फेज त्या बोर्डावरच्या प्रत्येक अर्थ केलेल्या चासीवर येते, आणि त्या वेळी कोणाचा हात माइकवर आहे हे बघायला वेळ नसतो.

साउंडवाल्याचा माइक वेगळ्या बोर्डावर. मीटर एसीवर ठेवून एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला: ६८ व्होल्ट. त्याच्या एक्स्टेंशनमध्ये अर्थची वायरच नव्हती, दोन-कोर केबलला थ्री-पिन लावलेला. तो मिक्सर आपल्या बोर्डावर घेतला. परत मोजलं, ०.३. बेस नीट अर्थ झालेला असला की धोका उलट बाजूने येतो: हात अर्थवर, ओठ जिवंत माइकवर, आणि मधल्या वाटेत छाती. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच गेला. बॅकिंग गाणाऱ्या प्रत्येक बेसवाल्याने हा एक मिनिटाचा मीटर कार्यक्रमाआधी लावावा.

गणपतीसमोरच्या स्टेजवर चपला काढतात. योग्यच आहे, पण पावसात भिजलेल्या कार्पेटवर अनवाणी पाय म्हणजे अंगाचा रोध एकदम खाली. प्रत्येकाच्या जागी कोरडी रबरी मॅट टाकली, खाली लाकडी पाट. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी अर्ध्या तासात व्यवस्था केली. सगळे जोड जमिनीपासून वीट ठेवून वर, ताडपत्रीच्या शिवणीखाली एकही पेटी नाही. केबलला बोर्डापाशी एक झोळ खाली सोडला, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून पेटीत न जाता तिथे टपकतं.

आवाज: ई तार ४१ हर्ट्झ, म्हणजे लाट सव्वाआठ मीटरची. अरुंद गल्लीत ती समोरच्या वाड्यावर आपटून परत येते आणि पोकळ लाकडी स्टेज स्वतःच ढोल होतो. कॅबिनेटखाली जाड फोम, हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) ४० हर्ट्झला, आणि बेसचा मुख्य आवाज डीआयमधून. कॅबिनेट फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येण्यापुरता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. मध्यरात्रीपर्यंत सवलतीचे दिवस जाहीर झालेले असतात, ते मंडळाकडून लेखी बघून घ्यावेत. कानात प्लग होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं हीच सुरक्षित हद्द मानली जाते, कार्यक्रम दोन तासांचा.

मध्येच जनरेटर बदलणार हे कळलं की आधी अँपचा व्हॉल्यूम शून्य, मग स्विच बंद. नव्या जनरेटरवर सगळी रीडिंग पुन्हा. त्या रात्री हे करावं लागलं आणि दुसऱ्या जनरेटरचा न्यूट्रलही तरंगताच होता.

३१ ऑगस्ट

तारा कोरड्या कापडाने पुसल्या, केसमध्ये सिलिका जेल. बोर्डाच्या पेटीच्या झाकणात थेंब आढळले. रबरी पट्टीचा एक कोपरा दुमडलेला, सरळ केला. केबलच्या एका टोकाला ट्रॉलीच्या चाकाने चीर पडली होती. टेप मारली नाही, अर्धा मीटर कापून प्लग नव्याने बसवला.

११ ऑक्टोबर: अँप विकलं

बँडने हलकं क्लास-डी हेड आणि छोटं कॅबिनेट घेतलं, म्हणून जुनं हेड आणि कॅबिनेट विकायला काढलं. बेस ठेवला. आतापर्यंत त्यावर ₹१२,९०० गेले आहेत. पाऊस संपून हवा कोरडी झाली की गळा हलतो, त्यामुळे फट पुन्हा मोजून घेतली.

अँपचा हिशोब: खरेदी १४,०००, दुरुस्ती ३,३५०, एकूण ₹१७,३५०. मागितले १८,०००, गेलं १६,५०० ला. जुन्या जड अँपची दुरुस्ती वसूल होत नाही, हे धरूनच उतरावं. जाहिरातीत कापलेला अर्थ, बदललेले कपॅसिटर आणि मेगरचा आकडा लिहिला, आतल्या भागाचे फोटो टाकले. फोन कमी आले, पण आलेले कामाचे होते.

काहींनी न बघताच 'आगाऊ पैसे पाठवतो' म्हणून क्यूआर पाठवला. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की समोरचा पैसे काढतोय. फसगत झालीच तर १९३० ला लगेच फोन करावा.

व्यवहार अर्थ असलेल्या सॉकेटपाशी केला. विकत घेणाऱ्या दादांसमोर पिन ते चासीचा ओहम, १० किलोओहमवालं रीडिंग आणि स्पीकरचे ६.२ दाखवले. पावतीवर सिरियल नंबर, दिनांक आणि दोघांच्या सह्या. अँपच्या पाठीवर कागद चिकटवला: फ्यूज टी ३.१५, कमीत कमी ४ ओहम, हम आला तर डीआयचं ग्राउंड-लिफ्ट. सोबत उरलेले तीन फ्यूज आणि स्पीकॉनची केबल दिली. बोर्ड त्यांनाही हवा होता, तो दिला नाही. सामानाची यादी लिहून दिली.